दुधाच्या पगारातून गळालेल्या तीन संध्याकाळी: जावातली एक्सेप्शन पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी

आमच्या गावच्या दूध संस्थेत दर दहा दिवसांनी दुधाचा पगार निघतो. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) अशी एक ओळ रोज सकाळ-संध्याकाळ फाइलमध्ये पडते आणि त्यावरून हिशेब होतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी या हिशेबाचा छोटा जावा प्रोग्रॅम मी लिहून दिला होता. दोन महिने तो नीट चालला. मग एके दिवशी एक सभासद काका दुधाचं कार्ड हातात घेऊन घरी आले. म्हणाले, "पोरी, तीन सांजचं दूध कार्डावर हाय, पगारात न्हाई."

प्रोग्रॅमनं कसलीही तक्रार केली नव्हती. तो बंद पडला नव्हता, स्क्रीनवर एकही लाल अक्षर आलं नव्हतं. पगारपत्रकात त्या तीन संध्याकाळींसमोर शून्य लिटर छापून आलं होतं, बस्स. कारण सापडायला मला दोन रात्री लागल्या. त्या दिवसांत दूध तपासणीचं मशीन बंद होतं, म्हणून वहीतल्या नोंदी कुणीतरी मराठी कीबोर्डवरून टाइप केल्या होत्या. लिटरच्या जागी "६.५" होतं, देवनागरीत. आकडा वाचताना जावानं एक्सेप्शन फेकला होता, म्हणजे "हे मला जमत नाही" अशी हाक मारली होती, आणि ती हाक पकडण्यासाठी मी लिहिलेल्या रिकाम्या कॅच ब्लॉकनं ती गिळली होती.

त्या दोन रात्रींनंतर मी एक्सेप्शन पहिल्यापासून पुन्हा शिकले. कॉलेजात ट्राय, कॅच, फायनली यांची व्याख्या पाठ केली होती. पण कोणता एक्सेप्शन कुठे पकडायचा आणि कुठे मुद्दाम सोडून द्यायचा, हे मला कुणी समजावलं नव्हतं. म्हणून हा लेख. उदाहरणं जावातली आहेत. एक्सेप्शनची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून उच्चाराप्रमाणे, जोडरेघा देऊन लिहिली आहेत. कोडमध्ये ती इंग्रजीत आणि सलग लिहायची.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- जेडीके (जावाचे प्रोग्रॅम लिहून चालवायचा संच) १७ किंवा २१. लॅबच्या मशीनवर अजून ८ असेल तरी बहुतेक सगळं जमेल, फक्त पायरी १ मधला सविस्तर नल-संदेश (नल म्हणजे ऑब्जेक्टच्या जागी काहीच नसणं) दिसणार नाही.
- इंटेलिजे आयडिया, एक्लिप्स, व्हीएस कोड यांपैकी हाताला बसलेला कोणताही एडिटर.
- दहा ओळींची एक सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल. सात ओळी चांगल्या ठेवा, तीन मुद्दाम बिघडवा: एकीत लिटर देवनागरी आकड्यांत, दुसरीत सभासद क्रमांकाच्या आधी स्पेस, तिसरी अर्ध्यातच तुटलेली.
- शेवटच्या पायरीसाठी जेयुनिट ५, ही जावातली टेस्ट लिहायची लायब्ररी.

पायरी १: एक्सेप्शन मुद्दाम आणा आणि ट्रेस वाचायला शिका

ती दहा ओळींची फाइल वाचणारा साधा प्रोग्रॅम लिहा. कुठेही ट्राय-कॅच घालू नका. चालवा आणि पडू द्या.

समोर जे लांबलचक येतं त्याला स्टॅक ट्रेस म्हणतात. नवशिके तो बघून घाबरतात आणि पहिली ओळ कॉपी करून शोधायला लागतात. माझंही तसंच व्हायचं. खरं तर ट्रेसमध्ये बहुतेक वेळा उत्तर लिहिलेलंच असतं, फक्त वाचण्याचा क्रम माहीत हवा.

सगळ्यात वरच्या ओळीत एक्सेप्शनचा प्रकार आणि त्याचा संदेश असतो. देवनागरी लिटरच्या ओळीवर तिथे नंबर-फॉरमॅट-एक्सेप्शन दिसेल, आणि जी स्ट्रिंग वाचता आली नाही ती अवतरणचिन्हांत छापलेली असेल. त्या अवतरणचिन्हांकडे नीट बघा. आत पुढे-मागे स्पेस असेल तर ती इथेच दिसते.

त्याखाली मेथडची रांग असते: एक्सेप्शन जिथे उडाला ती मेथड सर्वांत वर, तिला बोलावणारी त्याखाली, असं करत शेवटी मेन. वरच्या काही ओळी जावाच्या स्वतःच्या क्लासच्या असतील. त्या ओलांडा आणि तुमच्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ शोधा. तिथे फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक आहे. तपास तिथून सुरू करा.

मोठ्या प्रोजेक्टमध्ये, विशेषतः स्प्रिंग हे जावाचं फ्रेमवर्क वापरताना, ट्रेसच्या मध्ये "कॉज्ड बाय" अशा ओळी येतात. एका एक्सेप्शनला दुसऱ्यात गुंडाळून पुढे पाठवलं की त्या दिसतात. मूळ कारण सर्वांत खालच्या "कॉज्ड बाय" पाशी असतं, म्हणून शंभर ओळींचा ट्रेस आला की मी आधी खाली जाते. तिथे तीन टिंबं आणि "अमुक मोअर" असं दिसलं तर काही कापलं गेलंय असं समजू नका. त्या ओळी वर आधीच छापल्या आहेत म्हणून जावा त्या पुन्हा छापत नाही.

नल-पॉइंटर-एक्सेप्शनबद्दल एक. पूर्वी त्याचा संदेश रिकामा असायचा आणि एकाच ओळीत तीन मेथड साखळीनं बोलावल्या असतील तर नल नेमकं कोण, हे ओळखता यायचं नाही. जावा १४ मध्ये सविस्तर संदेशाची सोय आली आणि १५ पासून ती आपोआप चालू असते. आता "अमुक नल असल्यामुळे तमुक मेथड बोलावता आली नाही" असं पूर्ण वाक्य मिळतं. व्हेरिएबलच्या नावाऐवजी "लोकल १" असं काही दिसलं तर कोड डीबग माहितीशिवाय कंपाइल झालाय असं समजा.

पायरी २: कुळ ओळखा

जावात एक्सेप्शन ही वस्तूच असते, म्हणजे एखाद्या क्लासचा ऑब्जेक्ट. त्यामुळे इन्हेरिटन्सचे सगळे नियम तिला लागू होतात. कॅचमध्ये आईबापाचा प्रकार लिहिला की सगळी मुलं-नातवंडं पकडली जातात. बाकीचे बरेचसे नियम या एका गोष्टीतून निघतात.

मूळपुरुष थ्रोएबल. त्याला दोन मुलं: एरर आणि एक्सेप्शन. एक्सेप्शनच्या अनेक मुलांपैकी एकाचं नाव रनटाइम-एक्सेप्शन, आणि त्याचं घराणं वेगळं मोजतात.

एररच्या शाखेत आउट-ऑफ-मेमरी-एरर, स्टॅक-ओव्हरफ्लो-एरर असली मंडळी आहेत. इथे जावाच्या यंत्रणेचीच अडचण झालेली असते. साधारण अॅप्लिकेशनच्या कोडनं यांना पकडायला जाऊ नये. कॅचमध्ये थ्रोएबल लिहिलंत तर हेही अडकतात, आणि मेमरी संपलेली असताना प्रोग्रॅम पुढे रेटला जातो. स्टॅक-ओव्हरफ्लो दिसला तर बहुधा स्वतःलाच बोलावत राहिलेली मेथड शोधा.

रनटाइम-एक्सेप्शनच्या घराण्यातले नेहमीचे चेहरे:

- नल-पॉइंटर-एक्सेप्शन: जिथे ऑब्जेक्ट हवा होता तिथे काहीच नव्हतं.
- इल्लीगल-आर्ग्युमेंट-एक्सेप्शन: मेथडला चुकीची किंमत दिली. नंबर-फॉरमॅट-एक्सेप्शन हे याचंच मूल.
- इल्लीगल-स्टेट-एक्सेप्शन: किंमत बरोबर, वेळ चुकीची. पगार बंद झाल्यावर त्यात नोंद घालायला गेलात, असं काही.
- इंडेक्स-आउट-ऑफ-बाउंड्स-एक्सेप्शन: यादीच्या बाहेर हात घातला. तुटलेली ओळ याच्या अॅरेवाल्या मुलाला जन्म देते.
- क्लास-कास्ट-एक्सेप्शन: वस्तू एका प्रकारची, आपण मानली दुसऱ्या प्रकारची.
- कन्करंट-मॉडिफिकेशन-एक्सेप्शन: लिस्टवर फिरता फिरता तिच्यातलं काढलं किंवा घातलं. नाव वाचून थ्रेडचा प्रश्न वाटतो, पण एकाच थ्रेडमध्येही हा येतो.
- अरिथमेटिक-एक्सेप्शन: पूर्णांकाला शून्यानं भागलं. दशांश प्रकारात, म्हणजे डबलमध्ये, तोच भागाकार एक्सेप्शन देत नाही. उत्तर अनंत किंवा "नॉट अ नंबर" येतं. सरासरी फॅट काढताना एकूण लिटर शून्य असेल तर ही दुसरी गोष्ट चुपचाप पगारपत्रकापर्यंत पोचते.

इथे एक सापळा आहे, मराठीत काम करणाऱ्यांनी तो मुद्दाम लक्षात ठेवावा. इंटिजरची पार्स-इंट मेथड देवनागरी आकडे स्वीकारते. "४७" दिलंत तर सत्तेचाळीस मिळतात. डबलची पार्स-डबल मात्र "६.५" नाकारते. उलट, पुढे-मागे स्पेस असेल तर पार्स-डबल चालवून घेते, पार्स-इंट नाही. म्हणून माझ्या प्रोग्रॅममध्ये सभासदाचा क्रमांक बिनबोभाट वाचला गेला, लिटर पडलं, आणि काकांच्या नावासमोर शून्य आलं. ओळच गायब झाली असती तर नोंदींची संख्या जुळली नसती आणि मला त्याच दिवशी कळलं असतं.

पैशाच्या हिशेबात तसंही डबल वापरू नका, बिग-डेसिमल वापरा. त्याला देवनागरी आकडे चालतात. पण बिग-डेसिमलला एकाला तीननं भागायला सांगितलंत आणि किती दशांशांवर थांबायचं ते सांगितलं नाहीत, तर तोही अरिथमेटिक-एक्सेप्शन फेकतो, कारण भागाकार संपतच नाही.

पायरी ३: चेक्ड आणि अनचेक्ड, फरक एकदाच नीट समजून घ्या

रनटाइम-एक्सेप्शनचं घराणं आणि एररचं घराणं अनचेक्ड. थ्रोएबलच्या कुळातले बाकी सगळे चेक्ड. आयओ-एक्सेप्शन, एसक्यूएल-एक्सेप्शन, इंटरप्टेड-एक्सेप्शन हे चेक्ड आहेत.

चेक्ड म्हणजे कंपाइलर तुम्हाला सोडत नाही. एकतर पकडा, नाहीतर मेथडच्या सिग्नेचरमध्ये "थ्रोज" लिहून बोलावणाऱ्याला आधीच सांगा. अनचेक्डला असं काही बंधन नाही.

"रनटाइम" या नावानं खूप जण फसतात. सगळेच एक्सेप्शन प्रोग्रॅम चालताना येतात, चेक्डसुद्धा. कंपाइल करताना तपासलं जातं ते एवढंच, की तुम्ही त्याची सोय केली आहे की नाही. मुलाखतीत हा प्रश्न येतो आणि "चेक्ड कंपाइल टाइमला येतात" हे चुकीचं उत्तर मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलंय.

यामागचा विचार असा: फाइल नसणं, नेटवर्क तुटणं या गोष्टी चांगला कोड लिहूनही घडणारच, म्हणून त्या चेक्ड. नल किंवा चुकीचा इंडेक्स ही बहुधा प्रोग्रॅमरची चूक, ती पकडायची नसते, दुरुस्त करायची असते, म्हणून अनचेक्ड. सी-शार्प, पायथन, कॉटलिन या भाषांनी ही चेक्ड पद्धत घेतलेली नाही. जावातही नवीन लायब्रऱ्या बऱ्याचदा अनचेक्डकडे झुकतात. स्प्रिंग तर एसक्यूएल-एक्सेप्शनला स्वतःच्या अनचेक्ड एक्सेप्शनमध्ये गुंडाळून देते.

दोन ठिकाणी कंपाइलर अडवेल, तेव्हा गोंधळू नका. एक, आईबाप क्लासची मेथड ओव्हरराइड करताना तुम्ही तिच्यापेक्षा मोठा किंवा नवा चेक्ड एक्सेप्शन जाहीर करू शकत नाही. छोटा किंवा अजिबात नसलेला चालतो. दोन, स्ट्रीमच्या मॅपमध्ये लॅम्डा लिहिताना आतून आयओ-एक्सेप्शन बाहेर पाठवता येत नाही. यासाठीच जावा ८ मध्ये अनचेक्ड-आयओ-एक्सेप्शन आला. आत पकडायचा, त्यात गुंडाळायचा, पुढे सोडायचा.

पायरी ४: ट्राय छोटा ठेवा, कॅच नेमका लिहा

आता फाइल वाचणाऱ्या कोडमध्ये पहिला ट्राय घाला. फक्त लिटर वाचणारी ओळ आत ठेवा आणि कॅचमध्ये नंबर-फॉरमॅट-एक्सेप्शन लिहा. अख्खी मेथड ट्रायमध्ये कोंबून खाली "कॅच एक्सेप्शन" लिहिण्याचा मोह होईल, एडिटरही कधीकधी तसंच सुचवेल. ते मान्य करू नका. रनटाइम-एक्सेप्शन हे एक्सेप्शनचंच मूल असल्यामुळे त्या एका कॅचमध्ये तुमच्या स्वतःच्या चुकाही अडकतात. दर-तक्ता लोड करायचा राहिला म्हणून आलेला नल-पॉइंटर आणि वाईट ओळ यांना एकच वागणूक मिळते.

एकाखाली एक अनेक कॅच लिहिताना आधी मूल, मग आईबाप. फाइल-नॉट-फाउंड-एक्सेप्शन वर, आयओ-एक्सेप्शन खाली. उलट केलंत तर कंपाइलर "हा आधीच पकडला गेलाय" म्हणून थांबवतो. वेगवेगळ्या घराण्यांतल्या दोघांवर एकच उपाय असेल तर जावा ७ पासून मध्ये उभी रेघ देऊन एकाच कॅचमध्ये दोघांना लिहिता येतं. आईबाप आणि मूल मात्र त्या रेघेच्या दोन बाजूंना चालत नाहीत.

आणि माझी चूक ही होती: ट्रायच्या आधी लिटर शून्य ठेवलं, ट्रायमध्ये वाचायचा प्रयत्न केला, कॅच रिकामा सोडला. पुढचा कोड शून्य घेऊन निघाला. ही रचना तुमच्या कोडमध्ये कुठेही असेल तर आजच काढा. खोटी सुरुवातीची किंमत आणि रिकामा कॅच एकत्र आले की एक्सेप्शनचं रूपांतर खोट्या माहितीत होतं, आणि खोटी माहिती ही बंद पडलेल्या प्रोग्रॅमपेक्षा जास्त नुकसान करते. बंद पडलेला प्रोग्रॅम निदान कुणाचा पगार छापत नाही.

पायरी ५: कुठे पकडायचं ते ठरवा

या लेखातली सर्वांत जास्त वेळ द्यायची पायरी ही.

एक्सेप्शन उडाला त्याच मेथडमध्ये तो पकडायला हवा असं नाही. जिथे त्यावर काही निर्णय घेता येतो, तिथे पकडायचा. प्रत्येक मेथडला विचारा: हे बिघडलं तर काय करायचं, हे तुला ठरवता येतं का? येत नसेल तर तिनं एक्सेप्शन वर जाऊ द्यावा.

दुधाच्या प्रोग्रॅममध्ये तीन थर आहेत. सर्वांत आत एक ओळ वाचणारी मेथड. तिच्या हातात एक स्ट्रिंग आहे. पगाराचं, सभासदाचं, बाकीच्या ओळींचं तिला काही माहीत नाही. तिनं निर्णय घेऊ नये, फेकावं.

तिच्या बाहेर सगळ्या ओळींवर फिरणारा लूप. त्याला निर्णय घेता येतो: एक ओळ वाईट म्हणून तीनशे सभासदांची फाइल फेकून द्यायची नाही. म्हणून त्यानं पकडावं, ओळ क्रमांकासह "वाईट ओळी" या यादीत टाकावं आणि पुढची ओळ घ्यावी.

सर्वांत बाहेर पगार काढणारा थर. त्याचा निर्णय वेगळा: वाईट ओळींची यादी रिकामी नसेल तर पगारपत्रक काढायचंच नाही. सचिवांना ओळ क्रमांक आणि सभासद क्रमांक दाखवायचे, वहीवरून दुरुस्त करून घ्यायचे, मग पुन्हा चालवायचं. फाइलच सापडली नाही किंवा डेटाबेस बंद असेल, तर त्यावर आतल्या दोन थरांत करण्यासारखं काही नसतं. तो एक्सेप्शन सरळ इथपर्यंत येऊ द्यावा.

आता माझा कोड या फूटपट्टीनं मोजा. सर्वांत आतल्या, सर्वांत कमी माहिती असलेल्या मेथडनं सर्वांत मोठा निर्णय घेतला होता: काकांचं दूध शून्य.

निर्णय चुकीच्या ठिकाणी आणि चुकीच्या गृहीतकावर घेतला की काय होतं, याचं मोठं उदाहरण ४ जून १९९६ चं आहे. फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं आणि चाळीस सेकंदांच्या आसपास ते वाट सोडून फुटलं. दिशा मोजणाऱ्या यंत्रणेतलं सॉफ्टवेअर आधीच्या एरियान ४ मधून घेतलं होतं, एडा भाषेतलं. आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांची दशांश किंमत १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना मावली नाही आणि एक्सेप्शन उडाला. अशा सात व्हेरिएबल्सपैकी चारांना संरक्षण दिलेलं होतं. हे व्हेरिएबल उरलेल्या तिनांतलं. एरियान ४ चा मार्ग वेगळा असल्यामुळे तिथे ती किंमत कधीच एवढी मोठी होत नव्हती.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. कोणताही एक्सेप्शन आला की प्रोसेसर थांबवायचा, असं ठरलेलं होतं, कारण बिघाड म्हणजे हार्डवेअरचा बिघाड आणि तसा झाला तर राखीव यंत्रणा आहेच, असं गृहीत होतं. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर होतं, त्यामुळे तीही त्याच कारणानं थांबली. थांबताना यंत्रणेनं पाठवलेली तपासाची माहिती मुख्य संगणकानं उड्डाणाची माहिती म्हणून वाचली. आणि जे गणित करताना हे सगळं घडलं, त्या गणिताची रॉकेट उडाल्यानंतर गरजही नव्हती. म्हणजे तिथे निर्णय होता, पण तो प्रत्येक एक्सेप्शनला एकच, सरसकट होता. तुमच्या कोडमधल्या सरसकट "कॅच एक्सेप्शन" कडे बघताना ही घटना आठवा.

पायरी ६: उघडलेलं बंद करा

फायनली ब्लॉक एक्सेप्शन येवो न येवो, चालतोच. फाइल, कनेक्शन बंद करायला तो वापरत. सिस्टिमची एक्झिट मेथड बोलावलीत तर मात्र तो चालत नाही.

जावा ७ (२०११) पासून यापेक्षा चांगली सोय आहे: ट्राय-विथ-रिसोर्सेस. ट्रायनंतरच्या कंसात फाइल उघडायची. ब्लॉक संपला की ती आपोआप बंद होते. दोन गोष्टी उघडल्या असतील तर नंतर उघडलेली आधी बंद होते. बंद करताना दुसरा एक्सेप्शन आला तर तो पहिल्याला पुसून टाकत नाही, "सप्रेस्ड" म्हणून त्याच्यासोबत जोडला जातो आणि ट्रेसमध्ये दिसतो.

फायनलीमध्ये रिटर्न लिहू नका. लिहिलंत तर वर जात असलेला एक्सेप्शन नाहीसा होतो, रिकाम्या कॅचइतकाच शांतपणे.

पायरी ७: गरज असेल तरच स्वतःचा एक्सेप्शन बनवा

इल्लीगल-आर्ग्युमेंट किंवा इल्लीगल-स्टेटनं काम भागत असेल तर नवा क्लास नको. माझ्या प्रोग्रॅममध्ये मात्र तो हवा होता, कारण वाईट ओळीसोबत ओळ क्रमांक आणि मूळ मजकूर न्यायचा होता. त्याचं नाव मी वाईट-नोंद-एक्सेप्शन असं ठेवलं. तो रनटाइम-एक्सेप्शनचं मूल आहे. कन्स्ट्रक्टरमध्ये चार गोष्टी जातात: संदेश, ओळ क्रमांक, मूळ मजकूर आणि कारण.

ते चौथं विसरू नका. कारण म्हणजे आधी आलेला नंबर-फॉरमॅट-एक्सेप्शन, तसाच्या तसा ऑब्जेक्ट. तो आईबाप क्लासच्या कन्स्ट्रक्टरला दिला की ट्रेसमध्ये "कॉज्ड बाय" येतो. फक्त त्याचा संदेश स्ट्रिंगमध्ये जोडून नवा एक्सेप्शन फेकलात, तर मूळ ट्रेस कायमचा गेला. कोड रिव्ह्यूमध्ये मला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक हीच आहे.

संदेश लिहिताना "चुकीची माहिती" एवढंच लिहू नका. "ओळ २३१: लिटर वाचता आलं नाही, मिळालेला मजकूर '६.५'" असं लिहा. अर्ध्या रात्री तो वाचणाऱ्या माणसाला फाइल उघडायला न लागता कळलं पाहिजे.

पायरी ८: लॉग एकदाच, पण पूर्ण

पकडलंत आणि पुन्हा फेकलंत, तर लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदवहीत नोंद) करू नका. नाहीतर एकच बिघाड तीन थरांत तीनदा छापला जातो आणि तीन बिघाड झाल्यासारखे वाटतात. जो थर शेवटचा निर्णय घेतो त्यानं लॉग करावा.

लॉगमध्ये नुसता एक्सेप्शनचा संदेश छापू नका. काही एक्सेप्शनचा संदेश नलच असतो, मग लॉगमध्ये "एरर: नल" एवढंच उरतं. एसएलएफ-फोर-जे ही लॉग करायची लायब्ररी वापरत असाल तर एक्सेप्शनचा ऑब्जेक्ट शेवटचं आर्ग्युमेंट म्हणून द्या, त्याच्यासाठी वेगळा महिरपी कंस न ठेवता; पूर्ण ट्रेस येतो.

स्क्रीनवर वापरणाऱ्याला दाखवायचं वाक्य वेगळं असतं. सचिवांना ट्रेस नको, "२३१ व्या ओळीतलं लिटर तपासा" हवं. सभासदांचे बँक खाते क्रमांक, आधार क्रमांक, पासवर्ड लॉगमध्ये जाणार नाहीत हे पाहा. एक्सेप्शनच्या संदेशात अख्खी ओळ चिकटवली की ते नकळत जातात.

थ्रेडच्या कोडमध्ये इंटरप्टेड-एक्सेप्शन भेटेल. तो पकडलात आणि पुढे फेकणार नसाल, तर चालू थ्रेडची इंटरप्ट मेथड पुन्हा बोलवा. एक्सेप्शन फेकला जाताना ती खूण पुसली जाते, आणि ती परत लावली नाहीत तर वरच्या कोडला थांबायला सांगितलं होतं हे कळतच नाही.

पायरी ९: वाईट ओळींच्या टेस्ट लिहा

चांगल्या ओळीची टेस्ट सगळेच लिहितात. जेयुनिट ५ मध्ये असर्ट-थ्रोज आहे: अमुक कोड चालवला की अमुक प्रकारचा एक्सेप्शन आलाच पाहिजे, नाही आला तर टेस्ट नापास. ती पकडलेला एक्सेप्शन परतही देते, त्यामुळे त्यातला ओळ क्रमांक बरोबर आहे का हेही तपासता येतं.

माझ्याकडे आता या टेस्ट कायम असतात. अर्ध्यात तुटलेली ओळ. शेवटचे रकाने रिकामे असलेली ओळ, कारण स्ट्रिंगची स्प्लिट मेथड शेवटच्या रिकाम्या जागा टाकून देते आणि चार रकान्यांऐवजी दोनच हातात येतात. दुसरं आर्ग्युमेंट उणे एक दिलं की त्या टिकतात. एक्सेलमधून "सीएसव्ही यूटीएफ-८" म्हणून जतन केलेली फाइल, कारण तिच्या अगदी सुरुवातीला न दिसणारी बॉम खूण असते. जावा ती काढत नाही, ट्रिमही काढत नाही, आणि पहिल्याच ओळीतला सभासद क्रमांक डोळ्यांना बरोबर दिसत असूनही वाचला जात नाही. नसलेली फाइल.

आणि देवनागरी आकड्यांची ओळ. ती मी नव्या प्रोजेक्टमध्ये सर्वांत आधी लिहिते: सभासद ४७, लिटर ६.५, काकांच्या कार्डावर होतं तेच.